दुसरा गाल कुणाचा?

मी ख्रिस्ती. घर पेडणे तालुक्यात, नोकरीची बरीच वर्षे डिचोलीत, कारकुनाच्या खुर्चीवर. शाळा मराठी, म्हणून लिहितो मराठीत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आज जे लिहिणार आहे ते माझ्याच माणसांना रुचणारे नाही.

कुठे अन्याय झाला, कुणाला मारहाण झाली, कुणाची जमीन गेली की आमच्यात दोन उत्तरे तयार असतात. एक मोठ्या आवाजात: "प्रार्थना करूया, येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे." दुसरे हळू आवाजात: "आम्ही थोडे, ते पुष्कळ. गप्प राहिलेले बरे." वाचकहो, माझे स्पष्ट मत असे की पहिले उत्तर हे पुष्कळदा दुसऱ्याच उत्तराला चढवलेला फेस्ताचा कोट असतो!

दुसऱ्या गालाची शिकवण मीही लहानपणापासून ऐकली. पण ती देणाऱ्यालाच थप्पड बसली तेव्हा काय घडले? योहानाचे शुभवर्तमान काढा, अठरावा अध्याय. महायाजकासमोर चौकशी चालू असता एक शिपाई येशूला मारतो. येशू हात उगारत नाही. पण मान खाली घालून गप्पही बसत नाही. माझी चूक काय ते दाखवून दे, असा जाब तो त्या शिपायाला तोंडावर विचारतो. परत न मारणे आणि जाब विचारणे, दोन्ही एकत्र. आम्ही अर्धेच घेतले, आणि तेही सोयीचे तेवढेच.

शिवाय गाल स्वतःचा असावा लागतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात (नाव नको) एक म्हातारी कुळाच्या हक्काच्या कागदांसाठी खेपा घालत होती. दर वेळी तिला "एक कागद कमी आहे" असे सांगितले जाई. तो कागद फाईलीतच आहे हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. साहेबांशी वाकडे कशाला! संध्याकाळी घरी मात्र नेमाने तेर्स म्हटला. थप्पड त्या म्हातारीला बसत होती, आणि मी तिचाच दुसरा गाल पुढे करत होतो. त्याला मी क्षमा म्हणत होतो, शांती म्हणत होतो. तो निव्वळ भित्रेपणा होता.

हे माझे एकट्याचे नाही. 2017 साली दक्षिण गोव्यात क्रूस फोडले गेले, तेव्हा आम्ही हळहळलो, संतापलो. योग्यच झाले. पण डिचोलीत शिरगावच्या विहिरी खाणींमुळे आटल्या, शेतांत खाणीची माती आली, तेव्हा आमच्यातले किती लोक उभे राहिले? 2012 साली शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या घरांतून बोलणे चालले ते ट्रकांच्या हप्त्यांचे. शिरगाव लईराईचे, म्हणून ते दुःख आमचे नाही काय? फक्त आपला क्रूस मोडल्यावर जागी होणारी श्रद्धा ही श्रद्धा नव्हे, मालकी झाली.

आणखी एक कडू गोष्ट. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ डिचोली तालुक्यातच आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते मोडले, लिंग नदीपलीकडे आणावे लागले, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. 1560 ते 1812, मधली थोडी वर्षे सोडता, गोव्यात इन्क्विझिशन होते. ते मी केले नाही, माझ्या पणज्यानेही केले नाही. त्यात गोव्याचे नवख्रिस्तीही भरडले गेले. पण झाले ते क्रूसाच्या नावाने. एवढे स्वच्छ कबूल न करता आम्ही न्यायाच्या गोष्टी बोललो तर शेजाऱ्याने त्या का ऐकाव्यात? आणि जे त्या जुन्या हिशेबाची वसुली आजच्या पोदेराकडून करू पाहतात, त्यांनाही विचारतो: यात न्याय कुठला?

मग करायचे काय? उत्तर शोधायला रोमला जायची गरज नाही, केरीला फेरीत बसा आणि तेरेखोलला उतरा. किल्ल्यात सेंट अँथनीची इगर्ज आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले, तिरंगा लावला आणि तुरुंगात गेले. हातात शस्त्र नव्हते. गोव्याचे धर्मपीठ तेव्हा पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत होते. त्या सावलीत उभे राहणे आफोंसोंसारख्या ख्रिस्ती माणसाला सोपे होते. त्यांनी ऊन पत्करले. याच तेरेखोलचे ख्रिस्ती ग्रामस्थ 2015 च्या सुमारास आपल्या काजूच्या झाडांसाठी गोल्फ मैदानाच्या प्रकल्पासमोर उभे राहिले.

"पाद्रींनी राजकारणात पडू नये" असे म्हणणारे आमच्यातही आहेत. वसईची हिरवाई राखायला उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो राजकारण करत होते काय? त्यांनाच 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. फादर स्टॅन स्वामी झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी झटले. भीमा कोरेगाव प्रकरणात 2020 च्या ऑक्टोबरात त्यांना अटक झाली तेव्हा वय 83, कंपवाताने हात थरथरत. पाणी प्यायला स्ट्रॉ मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. आरोप त्यांनी नाकारले होते. खटल्याचा निकाल लागण्याआधीच 5 जुलै 2021 रोजी मुंबईत ते वारले. याला म्हणतात स्वतःचा गाल.

क्षमा मोठीच आहे. पण ती करायचा अधिकार मार खाणाऱ्याचा, बघ्याचा नव्हे. बघ्याचे काम साक्ष देण्याचे.

त्या म्हातारीचे काम माझ्या हातून राहून गेले. आता निदान एवढे करतो: कागद फाईलीत असेल तर "आहे" असे साहेबांसमोर म्हणतो. बढती जरा उशिरा मिळाली. असो.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दुसरा गाल पुढे करायला सांगितले, तर शांतपणे एवढेच विचारा: कुणाचा?