नाकेदाराने माल निवडू नये

मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडजवळ मंगरूळचा टोलनाका आहे. तिथे वाहनाचा प्रकार पाहून पथकर घेतला जातो. ट्रकमधील कांदा कोणत्या व्यापाऱ्याचा, मोटारीतील कुटुंब रेणुकामातेच्या दर्शनाला निघाले आहे की लग्नाला, याची चौकशी नाकेदार करीत नाही. एका व्यापाऱ्याचे ट्रक फुकट सोडून इतरांचे त्याने अडवले, तर चांदवडकर ते क्षणभरही चालू देणार नाहीत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी मात्र नेमका हाच अधिकार मिळवू पाहिला.

२०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे 'मोफत' देण्याची योजना आणली. तिला गरिबांच्या कल्याणाचा मुलामा होता. कोणती स्थळे दाखवायची, हे मात्र फेसबुक ठरवणार होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळा दर आकारण्यास मनाई केली. त्यावर फेसबुकच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रिसेन यांनी, वसाहतवादाच्या विरोधामुळेच भारतीयांचे आर्थिक वाटोळे झाले, असे तारे तोडले. मागाहून त्यांनी माफी मागितली. पण मुलाम्याखालचे पितळ उघडे पडायचे ते पडलेच.

तथापि, हा केवळ परकीयांचा प्रश्न नाही. भारतीय एअरटेलची 'झिरो' योजनाही याच वळणाची होती. वाट अडवणारा स्वदेशी आहे म्हणून अडवणूक सुसह्य होत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने परवान्यातच अट घातली : कायदेशीर आदेशाखेरीज कोणताही मजकूर रोखायचा नाही, त्याचा वेगही कमी करायचा नाही.

ओटीटीवरील बीभत्स मालिका कंपन्यांनीच परस्पर रोखल्या तर काय बिघडले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ ओटीटी मंच बंद केले, ते कायद्याच्या आधारे आणि जाहीरपणे. अशा निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. कंपनी मात्र नफ्याचा हिशेब पाहणार. पैसा देणारी बीभत्स मालिका वेगाने धावेल आणि खेड्यातील एखाद्या कीर्तनकाराचे चित्रण अडखळत राहील.

आता तीच मागणी नव्या वेषात आली आहे. मोठ्या चित्रमंचांनी जाळ्याच्या वापराचा मोबदला द्यावा, असा आग्रह दूरसंचार कंपन्यांनी २०२३ मध्ये प्राधिकरणापुढे धरला. दक्षिण कोरियात अशा शुल्काची प्रथा आहे. ते इतर बहुतेक देशांच्या दहापट पडते, असे सांगत ट्विच या चित्रमंचाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून गाशा गुंडाळला. आपला ग्राहक डेटाचे पैसे आधीच मोजतो. त्याच वाहतुकीचे पैसे दुसऱ्या टोकाकडूनही घेतले, तर ते पुन्हा त्याच्याच वर्गणीत चढतील.