विजयोत्सव नेत्यांचा, निलंबन पोलिसांचे

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्या भाषेत जुनीच आहे. परंतु तिचा नव्याने प्रत्यय आणून देण्याचे श्रेय बंगळूरच्या राज्यकर्त्यांस दिलेच पाहिजे. ता. ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या क्रिकेट-संघाने अहमदाबादेस आय.पी.एल. स्पर्धेचा अंतिम सामना अवघ्या ६ धावांनी जिंकला. अठराव्या हंगामात लाभलेले हे पहिलेच अजिंक्यपद. तेव्हा शहराने रात्र जागून काढली यात नवल नाही. परंतु शहराबरोबर त्याचे पोलीसही रात्रभर रस्त्यावर उभे होते, आणि दिवस उजाडतो न उजाडतो तोच त्यांच्यापुढे नव्या उत्सवाचा बेत येऊन पडला, इकडे लक्ष द्यावयास कोणास सवड होती?

पोलिसांनी मिरवणुकीस संमती दिली नव्हती. चालकांकडून परवानगीचा रीतसर अर्ज आलाच नव्हता, बेत कळविण्यापुरते पत्र मात्र आले होते, असे पुढे राज्य सरकारनेच उच्च न्यायालयापुढे मांडले. तरीही ४ जूनच्या सकाळपासून समाजमाध्यमांवरून झाडून साऱ्या शहराला आमंत्रण गेले! विधान सौधाच्या रक्षणाचा भार वाहणाऱ्या पोलीस उपायुक्तांनी मनुष्यबळ अपुरे असल्याचा इशारा लेखी दिला होता. तो बाजूस ठेवून त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर सरकारने सत्कार-समारंभ थाटला. उपमुख्यमंत्री तर स्वागतासाठी जातीने विमानतळावर गेले. चिन्नस्वामी मैदानात सुमारे ३५ हजार माणसे मावतात. जमली दोन-तीन लाख, असे खुद्द मुख्यमंत्रीच म्हणाले. व्हावयाचे तेच झाले. दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जीव गेले. त्यांत एक शाळकरी मुलगीही होती. बाहेर हा अनर्थ घडत असता आत सत्काराचा कार्यक्रम चाललाच होता!

दुसऱ्याच दिवशी पोलीस आयुक्तांसह पाच अधिकारी निलंबित झाले. संघाच्या एका अधिकाऱ्यास अटक झाली, क्रिकेट संघटनेच्या दोघा पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, मुख्यमंत्र्यांच्या राजकीय सचिवासही दूर करण्यात आले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पायऱ्यांवर उभे राहून ज्यांनी विजयी वीरांसमवेत छायाचित्रे काढून घेतली, त्यांपैकी एकाही मंत्र्याचे आसन हालले नाही. १ जुलै रोजी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने एका निलंबित अधिकाऱ्याच्या अर्जावर निर्णय देताना, पोलीस हीही माणसेच आहेत, ते देव नव्हेत की जादूगारही नव्हेत, अशा आशयाचे खरमरीत उद्गार काढले आणि त्याचे निलंबन रद्द केले. २८ जुलै रोजी सरकारने स्वतःच सर्वांचे निलंबन मागे घेतले. मात्र तोवर जवळजवळ आठ आठवडे लोटले होते, आणि अपराधी कोण याविषयी लोकांचा ग्रह व्हावयाचा तो होऊन चुकला होता.

येथे कोणी विचारील, "मग पोलिसांचे काहीच चुकले नाही काय?" तसे आमचे म्हणणे नाही. पोलीस खाते म्हणजे काही संन्याशांचा मठ नव्हे, हे आम्हीही जाणतो. धोका दिसत होता तर त्यांनी हा समारंभ बंद का पाडला नाही, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याचे उत्तर पोलीस चौकीत शोधू नये. ते मंत्रालयात सापडेल. ज्या अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून, त्याने त्या मंत्र्याच्याच सत्कार-मंडपाला कुलूप ठोकावे, ही अपेक्षा करणे सोपे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात, प्रत्यक्ष बंदोबस्ताची व ठाण्यांची जबाबदारी वाहणाऱ्या अधिकाऱ्यांस किमान दोन वर्षे एका जागी ठेवावे, असा आदेश दिला. तो मनापासून पाळण्याची हौस कोणत्याच पक्षाच्या सरकारास झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. अधिकार नाही, पण जबाबदारी सारी: अशा नोकराला आपण रक्षक म्हणतो!

आणि हे सारे परप्रांतीचे म्हणून आम्हां महाराष्ट्रीयांस निश्चिंत राहता येईल काय? ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जो जनसागर लोटला, तो ओसरल्यावर रस्त्यावर चपला-जोड्यांचा खच मागे राहिला. माणसे मेली नाहीत, हे आपले दैव आणि पोलिसांची शर्थ. त्या शर्थीचे मोल आपण काय करतो? महाराष्ट्र सरकारने २०२३ साली क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर उतरविले, आणि ती सवलत मागे नेऊन थेट २०११ पासून लागू केली! या औदार्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. जो खेळ कोट्यवधींची उलाढाल करितो, त्याच्या दाराशी घाम गाळणाऱ्या शिपायाचा खर्च मात्र करदात्याने सोसावा, हा क्रीडाप्रेमाचा कोणता प्रकार?

आमची मागणी साधी आहे. पोलीस अधिकाऱ्याने नकार द्यावयाचा तो लेखी द्यावा. आणि तो डावलावयाचा असेल तर डावलणाऱ्या मंत्र्याने त्याच कागदावर आपली सही करावी. पुढे अनर्थ झाला तर चौकशीचा आरंभ त्या सहीपासून व्हावा. एवढा एक नियम झाला, तर किती सत्कार आपोआप आठवडाभर लांबणीवर पडतील ते पाहावे!

शेवटी एक शब्द स्वतःसाठी. ज्या गर्दीला नेते भुलतात ती आपल्याच घरांतून निघते. आपलीच मुले तिच्यात असतात. खेळाडूंचे कौतुक जरूर करावे. परंतु ते आजच, याच रस्त्यावर आणि चषक डोळ्यांनी पाहूनच झाले पाहिजे, असा हट्ट कशाला? पोलिसाने "घरी जा" म्हटले की आपण त्याला अरसिक ठरवितो. ४ जूनच्या संध्याकाळी ज्या ११ घरांतील माणसे परतली नाहीत, त्यांच्या दृष्टीने तोच अरसिक शब्द वेळेवर आणि ठामपणे उच्चारला गेला असता तर केवढे उपकार झाले असते!