एकाच खेळाची घाई कशाला?

एडी चार्लटन हे नाव आज स्नूकरवेड्यांखेरीज फारसे कोणाला आठवत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्याला किटबॅग अडकवून त्याला रोज पहाटे नेटवर नेणाऱ्या पालकांना मात्र या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी.

१९२९ साली ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या मेरवेदरमध्ये तो जन्मला. आजोबांचा बिलियर्ड्सचा क्लब होता, त्यामुळे क्यू लहानपणीच हातात आला. पण पोरगा टेबलालाच चिकटून बसला नाही. तो क्रिकेट खेळला, रग्बी लीग खेळला, मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवले, सर्फिंग केले, रोलर स्केट्सवर शर्यती केल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची मशाल घेऊन धावणाऱ्यांतही तो होता. हे सारे पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, कारण अनेक वर्षे तो कोळशाच्या खाणीत राबत होता. व्यावसायिक स्नूकरपटू झाला तेव्हा त्याने तिशी गाठली होती. आपल्याकडे या वयात खेळाडूला निवृत्तीबद्दल विचारायला सुरुवात होते!

त्याचा खेळ पाहण्यासारखा होता तो साधेपणामुळे. स्नूकरमध्ये पांढऱ्या चेंडूला डावी-उजवीकडे टोला देऊन फिरकी देतात, तिला ‘साइड’ म्हणतात. चार्लटन ती शक्यतो टाळायचा. क्यूचे टोक चेंडूच्या मधल्या उभ्या रेषेवरच, थोडे वर किंवा थोडे खाली. सरळ बॅटने खेळणाऱ्या, विकेट न फेकणाऱ्या फलंदाजाची आठवण व्हावी असा हा बाणा. लोकांनी त्याला ‘स्टेडी एडी’ म्हटले ते उगाच नाही. तरी तो नुसता टुकूटुकू खेळणारा नव्हता. बीबीसीची ‘पॉट ब्लॅक’ ही स्पर्धा त्याने तीनदा जिंकली आणि १९७३ मध्ये एकाच पाळीत ११० गुणांचा ब्रेक करून तिथले पहिले शतक झळकावले.

जगज्जेतेपद मात्र हुलकावणी देत राहिले. १९७५ ची अंतिम लढत मेलबर्नजवळ, म्हणजे मायदेशी झाली. समोर वेल्सचा रे रिअर्डन. चार्लटन २९–२३ असा पुढे होता, हव्या होत्या फक्त दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव. रिअर्डनने ओळीने सात जिंकल्या. असा मार खाल्ल्यावर भलेभले खचतात. चार्लटनने पुढची फ्रेम घेऊन ३०–३० अशी बरोबरी साधली आणि शेवटची गमावली. एका फ्रेमने विश्वविजेतेपद गेले, पण बरोबरीची ती फ्रेम त्याच्या विजेतेपदांच्या तोडीची मानली पाहिजे.

लहानपणीच एक खेळ धरावा, असे सांगताना आपल्याकडे कोणी लगेच सचिनचे उदाहरण देईल. तो अकराव्या वर्षी आचरेकर सरांकडे गेला हे खरे. पण त्याआधी टेनिसचे वेड लागलेला, मॅकेन्रोची नक्कल करणारा मुलगाही तोच होता. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत, मग बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. दुसऱ्या खेळात घालवलेली वर्षे त्यांची वाया गेली, असे कोण म्हणेल?

यात शरीराचाही प्रश्न आहे. वाढत्या वयात बारा महिने एकच हालचाल केली की त्याच सांध्यांवर, त्याच हाडांवर ताण येतो. कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला तडे जातात ते यामुळेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितले आहे की, एकाच खेळाची निवड पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावी. आपल्या अकादम्या मात्र सातवी-आठवीतल्या मुलालाही दुसऱ्या खेळासाठी सुट्टी देत नाहीत. हे चूक आहे आणि ते थांबवणे पालकांच्याच हाती आहे. फी भरताना एवढे तरी विचारा: आठवड्यातले दोन दिवस हा मुलगा फुटबॉल किंवा खो-खो खेळला, तर चालेल का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर दुसरी अकादमी शोधा.

चार्लटन १९९२ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पुन्हा एकदा जागतिक स्पर्धेत उतरला. आदल्या वर्षीचा विजेता जॉन पॅरटने त्याला १०–० असे हरवले. या वयात तो तिथपर्यंत पोहोचला होता.