एका छर्‍याचा दंड

गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत ४७ पौंडांचे छर्रे, पिशवीला कुलूप. एकवीस किलोंच्या वरचे हे ओझे घेऊन जॉर्ज बर्जरॉन कामावर जातो आणि ते तसेच घेऊन संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो. बायकोला, हेझलला, त्याची दया येते. पिशवीच्या बुडाला बारीकसे भोक पाड आणि घरात असेपर्यंत तरी थोडे छर्रे काढून ठेव, असे ती सुचवते. घरात त्याची चढाओढ आहे कुणाशी? जॉर्ज नाही म्हणतो. काढलेल्या दर छर्‍यामागे दोन वर्षे कैद आणि २,००० डॉलर दंड. सौदा महाग आहे. समाज, कायदा, जुने अंधारयुग वगैरे त्याला नंतर आठवते. आधी आठवतो तो दंड.

कर्ट व्हॉनेगटची ‘हॅरिसन बर्जरॉन’ ही कथा १९६१ सालची. अमेरिकेतल्या शाळांत सातवी-आठवी-नववीच्या आसपास ती हमखास भेटते. कथा आटोपशीर, तासात बसणारी. साल २०८१. घटनादुरुस्त्यांचा आकडा २१३वर गेलेला आणि सगळे सगळ्या बाबतींत समान झालेले. देखण्यांना मुखवटे, बळकटांना वजने, हुशारांच्या कानात दर वीस सेकंदांनी कर्कश आवाज. शेवटी बंदूक आणि दोन मृतदेह. वर्गाला जागे ठेवायला एवढे पुरते. काही शिक्षक त्या दिवशी मुलांनाच ओझी वाटतात. उंच मुलाने वाकून चालायचे, भरभर वाचणारीने मध्येच थांबायचे. मुले हसतात, मग चिडतात. मग ‘कथेचा आशय एका वाक्यात लिहा’ हा प्रश्न येतो. सक्तीची समानता माणसाला खुजे करते, असे लिहिले की गुण पदरात.

उत्तर चूक नाही. ते फार लवकर सापडते, एवढेच.

कारण त्या २,००० डॉलरांकडे कुणी पाहिलेलेच नसते. सगळे सगळ्या बाबतींत समान झालेल्या देशात दंड रोख रकमेत आकारतात, म्हणजे तिथे रोकड आहे. खिसे आहेत. कुणाचा खिसा किती खोल, याबद्दल कथेत अवाक्षर नाही. कैदेची दोन वर्षे सगळ्यांना सारखीच लांब. २,००० डॉलर मात्र एखाद्याच्या खिशातली चिल्लर आणि एखाद्याचा महिन्याचा पगार. कायदाच समानतेचा, आणि त्याचा दंड प्रत्येकाला वेगळा जड.

हा एकच धागा सुटलेला नाही. टीव्हीवरचा निवेदक बोलताना इतका अडखळतो की त्याला एक वाक्य पुरे करता येत नाही. हेझलला त्याचे कौतुक वाटते. एवढी धडपड केली, त्याला चांगली पगारवाढ द्यायला हवी, असे ती म्हणून जाते. पगारवाढ! जिच्या डोक्यात एक विचार धड टिकत नाही, त्या बाईच्या तोंडून ही बातमी बाहेर पडते. २०८१मध्येही कुणाला कमी मिळते, कुणाला जास्त, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

आता सरकारने काय काय जोखले, ते पाहा. बुद्धी जोखली. रूप जोखले. दंडातली ताकद, पायातली चपळाई, बॅले नाचणारीचा गळादेखील. पैसा जोखला नाही. मुखवटे आणि छर्रे बनवणार्‍या त्या अवाढव्य खात्याला बँकेचे पासबुक काही दिसले नाही.

व्हॉनेगटने हे जाणून केले की डॉलर त्याच्या लेखणीतून सवयीने सांडले? दोन्ही म्हणता येते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना त्यावर तासभर भांडता येते. फळ्यावर दोन रकाने आखायचे. सरकारने काय कापले आणि काय तसेच ठेवले. पाच मिनिटांचे काम आहे. कथेचे विश्लेषण म्हणतात ते याहून फार वेगळे नसते. पण वर्गात आशय आधी ठरतो आणि तपशील मागून त्याच्या सोयीने गोळा होतात. डॉलर त्या सोयीत बसत नाहीत. ते वगळले जातात.

अशा वाचनाचे पुढे काय होते, ते २००५मध्ये कॅन्ससमध्ये दिसले. राज्यातल्या शाळांना पैसा कसा वाटावा, यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालू होता. शॉनी मिशन हा उपनगरी, सधन शाळा-जिल्हा. आपल्या शाळांसाठी आपल्याच भागातून वाढीव कर घेता यावा, ही त्याची इच्छा. राज्याने त्यावर मर्यादा घातलेली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वकिलांनी आपल्या बाजूने साक्षीला काढली ती हीच कथा. मर्यादा म्हणजे गळ्यातली पिशवी, असा युक्तिवाद. हे वकीलही कधीकाळी कुठल्यातरी वर्गात आठवी-नववीला बसले असतीलच.

व्हॉनेगट तेव्हा हयात होता, ८२ वर्षांचा. तिथल्या एका वृत्तपत्राने त्याला विचारले. त्याने सांगितले की वकिलांनी कथा चुकीची वाचली आहे. ती बुद्धी आणि गुणवत्तेबद्दल आहे, आणि श्रीमंती हा या दोन्हींचा पुरावा नव्हे. पालक गरीब आहेत म्हणून मुलांना चांगले शिक्षण मिळू नये, हे आपल्याला मान्य नाही, असेही तो म्हणाला. उघडपणे समाजवादी म्हणवणार्‍या लेखकाला आपलीच कथा कोर्टातून अशी परत मागून घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने विधिमंडळाला शाळांसाठी आणखी पैसा द्यायला लावले. कथेचा अर्थ लावणे मात्र त्याच्या कामकाजात येत नव्हते.

हे सगळे कथेबाहेरचे आहे, असे शिक्षक म्हणतील. कुणी सांगावे. अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा बराचसा पैसा आसपासच्या घरांवरच्या मालमत्ता करातून येतो. घरे महाग, तिथे शाळेचे ग्रंथालय मोठे. घरे स्वस्त, तिथे छपराला गळती आणि एका पुस्तकात दोघांनी डोके घालायचे. दोन्हीकडे कथा तीच, प्रश्नपत्रिका तीच, अपेक्षित वाक्यही तेच. समानता म्हणजे ओझे.

प्रश्नपत्रिकेत बहुतेक वेळा शेवटी एक हलकाफुलका प्रश्न असतो. या राज्यात तुम्ही राहत असता, तर सरकारने तुमच्यावर कोणते ओझे घातले असते? मुले आवडीने लिहितात. मी जोरात पळते, माझ्या पायाला वजन. मी गातो, माझ्या घशाला पट्टा. माझे गणित चांगले, माझ्या कानात भोंगा. माझ्या बाबांचे घर मोठे आहे, असे समजा एखादीने लिहिले, तर शिक्षकाला ते उत्तर चूक द्यावे लागेल. २०८१च्या कायद्यात त्यासाठी ओझे नाही.