अभ्यासक्रम पुण्यात, वेळापत्रक शाळेत

शिक्षणावर बोलणे निघाले की ते बहुधा पाठ्यपुस्तकांवर येऊन थांबते. पुस्तक जड झाले, अमुक कवी वगळला, तमुक लेखक घेतला. जणू पुस्तक बदलले की शिक्षण बदलले! मला हे पटत नाही. अभ्यासक्रम पुण्यात ठरतो हे खरे. पण त्यातला किती आणि कसा मुलांपर्यंत पोचायचा, हे प्रत्येक माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरते.

वेळापत्रकच पाहा. जूनमध्ये लावलेल्या वेळापत्रकात चित्रकला, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय हे सारे असते. दिवाळीनंतर दहावीच्या वर्गात यांतले काय उरते? आमच्या शाळेत ग्रंथालयाचा तास भिंतीवरच्या तक्त्यावर वर्षअखेरपर्यंत होता. त्या तासाला आम्ही गणिताचे सराव-प्रश्न सोडवीत होतो. विज्ञानाच्या प्रयोगवह्या फळ्यावरून उतरवून पूर्ण झाल्या. शिक्षक कामचुकार होते असे मुळीच नाही. "निकाल लागला पाहिजे" हा वरून आलेला शब्द त्यांनी पाळला, इतकेच.

दुसरे उदाहरण तोंडी परीक्षेचे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेण्यात आले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे मान्य. पुढच्या वर्षी ते गुण परत मिळाले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. यावर गुण असावेत की नसावेत, एवढाच वाद झाला. खरा प्रश्न निराळा आहे. त्या २० गुणांसाठी मुलगा वर्गापुढे उभा राहून चार वाक्ये बोलला का? काही शाळांत बोलला, काही शाळांत नुसते तक्ते भरले गेले. नियम एकच, मंडळ एकच. फरक पडला तो मुख्याध्यापकांनी कशाचा आग्रह धरला यामुळे.

मुख्याध्यापकांचीही बाजू आहे. वेतनबिले, रिक्त जागा, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे, संस्थाचालकांची मर्जी आणि पालकांचा टक्क्यांचा हट्ट, यांत दिवस सरतो. शिवाय खाजगी शाळांत ही खुर्ची मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. वीस-पंचवीस वर्षे उत्तम भूगोल शिकवणाऱ्या बाईंना एके दिवशी सगळ्या शाळेचे अध्यापन सांभाळायचे असते. ते कसे करावे, हे त्यांना कोणी नीट शिकवलेले असतेच असे नाही.

तरीही हे पद केवळ कारकुनीचे नाही. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. नाटककार आणि संपादक अत्रे सर्वांना ठाऊक आहेत. पण मुलांना गोडीने वाचता येईल अशी 'नवयुग वाचनमाला' संपादणारे अत्रे हे वर्गात उभे राहिलेले शिक्षक होते. प्रत्येकाने वाचनमाला काढावी असे माझे म्हणणे नाही. मुलांपुढे काय जावे याचा विचार करणे मुख्याध्यापकांच्या अधिकाराबाहेरचे नाही, एवढेच सांगायचे आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून काही तास स्वतः शिकवावेत. टाचणवहीवर सही करून न थांबता अधूनमधून मागच्या बाकावर बसून पाठ ऐकावा आणि नंतर शिक्षकांशी मोकळेपणी बोलावे. दोष काढण्यासाठी नव्हे, सोबत म्हणून. वेळापत्रकातला एखादा तास दुसऱ्या विषयाला द्यायचाच असेल, तर त्याचे कारण लिहून ठेवावे. कारण लिहावे लागले तर निम्मे तास वाचतील, असे मला वाटते. आणि शासनाने या पदावर येणाऱ्यांना हिशेबाच्या नियमांबरोबर अध्यापनाचे नेतृत्वही शिकवावे.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या बी. एड. करून शाळांत जातील आणि त्यांतले काही पुढे त्या खुर्चीवर बसतील. तेव्हा मराठीच्या शिक्षकाने येऊन विचारले, "सर, ग्रंथालयाचा तास घेऊ का?" तर त्याला कपाटाची किल्ली द्या. अभ्यासक्रमाची खरी अंमलबजावणी तिथून सुरू होते.