पाण्यावर शेगडी पेटते, पण मीटर पळतं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले होते, तोच मागच्या अंगणातून ‘धाड्’ असा आवाज आला. धावत गेले तर आमचे चिरंजीव कानावर हात दाबून उभे. समोर दुचाकीची जुनी बॅटरी, स्टीलच्या दोन पट्ट्या, सलाइनची नळी आणि चिंधड्या झालेली प्लास्टिकची बाटली. भुवया थोड्या करपल्या होत्या. “आई, पाण्यातून गॅस काढला गं! पेटतो!” हे त्याचे पहिले शब्द. आधी मी एक धपाटा घातला आणि मग त्याला जवळ घेतलं. स्वयंपाकघरातली लोणच्याची काचेची बरणी तो सकाळी मागत होता आणि मी ती दिली नव्हती. दिली असती तर? त्या रात्री मला झोप आली नाही.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक गृहस्थ आले. सोबत टेबलाएवढं चकचकीत यंत्र. “ताई, सिलिंडर विसरा. आता पाण्यावर शेगडी. लिटरभर पाणी घाला आणि स्वयंपाक करा.” किंमत अठरा हजार. गटाच्या खात्यात होते बावीस हजार. पापड-कुरडयांच्या व्यवसायाला गॅस किती लागतो हे आम्हालाच ठाऊक. त्यामुळे निम्म्याअधिक जणींचे डोळे चमकले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेला सिलिंडर संपला की पोटात जो गोळा येतो, तो जिला माहीत आहे तिला ‘फुकट’ हा शब्द गोडच लागणार.

मी कलाशाखेची पदवीधर. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण लेकाच्या भुवया बघून मी आमच्या गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले आणि दोन संध्याकाळी अगदी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. बाईंनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. याला विद्युत अपघटन म्हणतात. यात नवीन काहीच नाही. निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी १८०० साली लंडनमध्ये हे करून दाखवलं. आपल्या देशात पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढत असत. म्हणजे माझा लेक खोटं बोलत नव्हता आणि ते गृहस्थही शेगडी पेटते म्हणाले ते खरंच होतं. मग गोम कुठे आहे?

बाईंनी एकच वाक्य सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं, ते पाणी.” म्हणजे पाणी ही एक प्रकारची राखच की हो! चुलीतल्या राखेची पुन्हा गोवरी करायची म्हटली तर? जेवढी आग निघाली होती तेवढी तरी शक्ती परत ओतावीच लागणार, वर थोडी वाया जाणार ती वेगळीच. पाण्यात ही शक्ती ओततं कोण? वीज. म्हणजे शेगडी पाण्यावर चालत नाही, विजेवरच चालते. पाणी नुसता हमाल, विजेचं ओझं वाहून नेणारा.

आता हिशेब मांडू. एक किलो हायड्रोजनसाठी साधारण नऊ लिटर पाणी आणि चांगल्या कारखान्यातल्या यंत्रालाही ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो जाळला की उष्णता मिळते जेमतेम ३३ युनिटांची. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांएवढी उष्णता असते. तेवढा हायड्रोजन काढायचा तर किमान २७० युनिट वीज हवी. घरी जोडलेल्या यंत्राला याहून जास्तच. आपल्या वीजबिलावरचा दर घालून गुणाकार करा आणि सिलिंडरची पावती शेजारी ठेवा. मग ठरवा.

पुढच्या बैठकीला ते गृहस्थ पैसे न्यायला आले. मी हिशेब सांगायला सुरुवात केली, पण आकडे ऐकून सगळ्या कंटाळल्या. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक अक्का, शाळा चौथीपर्यंत शिकलेल्या, उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, ह्या यंत्राची वायर भिंतीत कशाला गेलीया?” ते हसून म्हणाले, “अहो अक्का, थोडीशी वीज लागतेच.” अक्का म्हणाल्या, “थोडीशी म्हंजी किती? मीटर बघू की.”

आणि आम्ही खरंच मीटर बघितलं. घरातले दिवे, पंखे, फ्रीज सगळं बंद. दोन लिटर पाणी त्यांच्या शेगडीवर उकळायला पाऊण तास लागला आणि मीटर पाऊण युनिटाने पुढे गेलं. तेवढंच पाणी माझ्या साध्या इंडक्शनच्या शेगडीवर पाव युनिटाच्या आत उकळलं. म्हणजे तिप्पट वीज! गृहस्थांनी चहा घेतला, यंत्र गुंडाळलं आणि “दुसऱ्या मॉडेलमध्ये हे सुधारलंय” म्हणत निघून गेले. गटाचे बावीस हजार अजून खात्यात आहेत.

अशी स्वप्नं विकणारे पूर्वीही होते. १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या न्यायालयाने पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयर यांना फसवणुकीबद्दल दोषी धरलं आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. तज्ज्ञांनी पाहिलं तर आत नेहमीचंच विद्युत अपघटन! त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी पाणी आणि वनस्पतींपासून पेट्रोल बनवल्याचं सांगून देशभर खळबळ उडवली होती. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. शिकली-सवरलेली माणसंही फसतात ती अशी. गरज मोठी असली की शंका छोटी होते.

मग हायड्रोजन म्हणजे सगळी थापच का? नाही हो. २०२३ मध्ये सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन बनवायचा, तो खत कारखाने आणि तेलशुद्धीकरणासारख्या कामांना वापरायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. ते काम मोठ्या कारखान्यांचं. आपल्या ओट्याखाली ते आणायचं कारण नाही.

कारण धोका खराच आहे. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. हायड्रोजनला वासच नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी तो पेट घेऊ शकतो. दिवसा त्याची ज्योत धड दिसतही नाही. घरगुती बाटलीत दोन्ही वायू एकाच नळीतून येतात, त्यामुळे ज्योत उलटी आत शिरते आणि बाटली फुटते. आमच्या अंगणात तेच झालं. पाण्यात मीठ टाकलं तर क्लोरिनचा विषारी वायू निघतो. कॉस्टिक सोड्याने कातडी आणि डोळे भाजतात. स्टीलच्या पट्ट्या वापरल्या की पाणी पिवळट-तपकिरी होतं, त्यात क्रोमियमची विषारी संयुगं असू शकतात. ते मोरीत ओतायचं नसतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

पण म्हणून मी लेकाची बॅटरी अडगळीत टाकली नाही. मुलाच्या हातातलं कुतूहल काढून घेतलं तर पुन्हा मोबाइलच येतो, दुसरं काय! बाईंच्या देखरेखीखाली त्याने तोच प्रयोग नीट केला. नऊ व्होल्टची छोटी बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं, चिमूटभर खायचा सोडा, दोन वेगळ्या परीक्षानळ्या, उघडी खिडकी. एका नळीत वायू दुसरीच्या दुप्पट जमला. दुप्पट तो हायड्रोजन. काडी लावायचा हट्ट नाही, साठवायचा तर मुळीच नाही. शेजारच्या दोन मुली बघायला आल्या होत्या, बाईंनी वायर त्यांच्याच हातात दिली. मला फार बरं वाटलं.

मैत्रिणींनो, उद्या तुमच्याही दारात कुणी पाण्यावरची शेगडी किंवा गाडीचं ‘पाण्याचं किट’ घेऊन येईल. तो खोटारडाच असेल असं नाही, कदाचित तो स्वतःही फसलेला असेल. त्याला पाणी द्या, बसायला सांगा आणि अक्कांचा प्रश्न विचारा: वायर भिंतीत कशाला गेली? गाडीचं किट असेल तर विचारा, बॅटरी कशावर भरते? ती भरते इंजिनावर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर! पैसे देण्याआधी मीटर बघू द्यायला जो तयार नाही, त्याला दारातूनच नमस्कार करा.

आपण भाजीवाल्याकडे तराजूचा काटा बघतो, दुधाला लॅक्टोमीटर लावतो. मग शेगडीच्या बाबतीत मीटर बघायला लाजायचं कशाला? त्यासाठी पदवी लागत नाही. चौथी शिकलेल्या आमच्या अक्कांनी ते दाखवून दिलंय.