सोसा नाहीतर बसा

परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना. सूनबाई पलीकडच्याच खोलीत होती, पण हाक मारायची नव्हती. दात-ओठ खाऊन जोर लावला, अंगठ्याच्या मुळातून कळ गेली आणि बरणी ओट्यावर आडवी. सगळीकडे तेल! "आई, हाक का नाही मारलीत?" ती म्हणाली. मी काहीच बोलले नाही.

खरं कारण इथे लिहिते. हात दुखतो हे कळलं की "तुम्ही आता बसा" सुरू होणार, याची मला भीती होती. माझ्या सासूबाईंना मीही हेच म्हटलं होतं, अगदी प्रेमाने. त्या बसल्या त्या बसल्याच. स्वयंपाकघर सुटलं आणि त्यांचं बोलणंही कमी झालं.

आपल्याकडे दुखऱ्या हाताला दोनच वाटा दाखवतात. सोसा नाहीतर बसा. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. काम सोडू नये, कामाची रीत बदलावी.

डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज आहे. चिमटीत जितका जोर लावावा, त्याच्या सुमारे बारापट भार त्या सांध्यावर येतो म्हणे. म्हणजे बारीक मुठीचा चमचा, गच्च झाकण, ओला टॉवेल पिळणं, हेच खरे शत्रू. मग मी सुरीच्या आणि उलथन्याच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवले. मूठ जाड झाली की चिमूट कमी लागते. झाकण रबरी तुकडा ठेवून तळव्याने फिरवते. पिशवी बोटांत न धरता कोपरापाशी अडकवते. पातेलं दोन्ही हातांनी उचलते. शाळूच्या भाकरी एकदम आठ न थापता चार-चार करते, मध्ये कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडते-मिटते. टॉवेल पिळायचं काम चिरंजीवांकडे. त्यांना काही झालं नाही!

आता हळदीबद्दल. सांगलीत राहून तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच! आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मलाही अभिमान आहे. पण तिच्यातलं कर्क्युमिन असतं शेकडा काही भाग, आणि तेही अंगात फारसं शोषलं जात नाही. गरम लेपाने बरं वाटतं ते बरंचसं उबेमुळे. लेप जरूर लावा, पण त्यापायी डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर बोटं आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यावर लवकर औषध सुरू केलं तर बोटं वाकडी होणं बरंचसं टळतं. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

माझी नोकरी साताऱ्यात झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्या गावात 'स्वावलंबन' हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल! अर्थ मात्र 'कुणाची मदत न घेणं' एवढाच धरून बसले. १९२४ मध्ये कर्मवीरांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाकासकट सगळी कामं वाटून करत. प्रत्येकाने एकट्याने सगळं उचलायचं, असं तिथे कुठे होतं? मुलांना शिकवलेला धडा मला सत्तरीनंतर कळला म्हणायचा.

काल पुन्हा झाकण अडलं. या वेळी हाक मारली. सूनबाईने ते सैल करून दिलं आणि काही न बोलता निघून गेली. फोडणी मीच घातली.

तुमच्या घरी कुणी हात पाठीमागे लपवत असेल, तर आधी "बसा" म्हणू नका. "कुठलं काम जड जातं?" एवढंच विचारून बघा.